जिन्याखालचा प्रिंटर

साताऱ्याला मामांच्या घरी प्रिंटर जिन्याखाली आहे, कारण मामांचा डेस्कटॉप जिन्याखाली आहे. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत वहिनीचं ऑफिस. चार-पाच दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न ती घरून भरते. खाली मामींच्या शिकवण्या चालतात, आठवी ते दहावी. मामा गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण पतसंस्थेचे कागद अजून त्यांच्याकडेच येतात. पुतण्या नववीत, म्हणजे दर पंधरा दिवसांनी एक प्रकल्प. छापायचं सगळ्यांना, छापणारा एकटा.

२०२५ च्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा चकलीची बशी हातात येण्याआधी वहिनीची तक्रार आली. "भाऊजी, हा प्रिंटर मनाला येईल तेव्हा चालतो. जेवणाच्या टेबलाशी बसले की छापतो, वर गेले की ऑफलाइन."

मला वाटलं, वायफायची रेंज. वर गेलो तर पट्ट्या पूर्ण, व्हिडिओ न अडखळता चालत होता. तक्रार मात्र मोलाची होती. "चालत नाही" असं कुणी सांगितलं की काहीच कळत नाही. "इथे चालतं, तिथे नाही" म्हटलं की अर्धं निदान हातात येतं. वहिनीने ते न विचारता दिलं होतं आणि मी ते रेंजवर ढकलून मोकळा झालो होतो.

आधी घरात कसं चाललं होतं ते सांगतो. मामेभावाने विंडोज ७ च्या काळात होमग्रुप लावून दिला होता. एक पासवर्ड, सगळे कॉम्प्युटर एका गटात, प्रिंटर आपोआप दिसायचा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून होमग्रुप काढून टाकला गेला. तेव्हापासून घरात पेनड्राइव्हचं राज्य. त्यातून शॉर्टकट व्हायरस एकदा झेरॉक्सच्या दुकानातून घरी आला, एकदा बहुधा घरातून दुकानात गेला. पण खरी वैतागवाडी मामींची होती. त्यांच्या वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये आहेत. असल्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट मामींच्या लॅपटॉपवर होता. फॉरमॅट मारलेल्या डेस्कटॉपवर नव्हता. फाईल पेनड्राइव्हने खाली नेऊन उघडली की भूमितीच्या प्रश्नाच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. प्रिंटर शेअर केला तर पान ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर तयार होतं, तिथला फॉन्ट वापरून, आणि तयार पान पुढे जातं. म्हणून मामींना हे शेअरिंग हवंच होतं, सोय म्हणून नव्हे, गरज म्हणून.

आता जेवणाच्या टेबलाकडे वळतो. वर्षभरापूर्वी फायबरचं कनेक्शन आलं. जोडायला आलेल्या मुलाने आपला डबा वरच्या मजल्यावर लावला, कारण तार गच्चीवरून आली होती. या डब्यातच राउटर आणि वायफाय असतं. खाली जुना राउटर होता. "हा पण राहू दे, खाली रेंज मिळेल," म्हणून वरच्या डब्यातून एक केबल जिन्याच्या कडेने खाली आणून जुन्या राउटरच्या इंटरनेट लिहिलेल्या खाचेत खोचली. इंटरनेट दोन्ही मजल्यांवर सुरू. सगळे खूश.

पण त्या एका खाचेने घराची दोन घरं झाली. राउटरची इंटरनेटची खाच म्हणजे उंबरठा. तिच्या आतलं सगळं जुना राउटर आपलं स्वतंत्र जाळं समजतो आणि स्वतःचे पत्ते वाटतो. वरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे, खालचे १९२.१६८.० ने. वाड्यात माजघरातला माणूस ओसरीवर केव्हाही येतो. ओसरीवरच्या पाहुण्याला माजघरात बोलावल्याशिवाय जाता येत नाही, तसंच हे. मी तपासलं ते असं. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरमध्ये वरच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ टाकला, पान उघडलं. वहिनीच्या लॅपटॉपवर खालच्या राउटरचा १९२.१६८.०.१ टाकला, काहीच नाही. आतून बाहेर वाट, बाहेरून आत भिंत. टेबलाशी बसलं की लॅपटॉप खालचं वायफाय पकडायचा, म्हणजे माजघरात यायचा, आणि प्रिंटर भेटायचा. वायफायची नावं दोन्हीकडे त्या मुलाने सारखीच ठेवली होती, त्यामुळे आपण कुठे आहोत हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

उपाय जुना आणि फुकट. खालच्या राउटरने राउटरपण सोडायचं आणि नुसता वायफायचा खांब व्हायचं. त्याचा स्वतःचा पत्ता वरच्या जाळ्यातला पण मोकळा असा द्यायचा (मी १९२.१६८.१.२ दिला), मग त्याचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, आणि शेवटी केबल इंटरनेटच्या खाचेतून काढून साध्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, खाचेत लावायची. क्रम हाच. मी घाईत डीएचसीपी आधी बंद केलं, पत्ता बदलायच्या आधी. मग माझ्या लॅपटॉपला पत्ता मिळेना आणि राउटरचं पान उघडेना. मामींकडून टाचणी घेऊन मागचं रीसेटचं भोक दाबलं आणि पहिल्यापासून सुरू. पुतण्या शेजारी उभा राहून बघत होता, ते जास्त लागलं.

एवढं करून प्रिंटर दिसायला हवा होता. दिसला नाही. डेस्कटॉपच्या दृष्टीने आता जाळं नवीन होतं, आणि अनोळखी जाळं विंडोज ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय समजून दार लावून घेतं. सेटिंगमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ केलं, फाईल आणि प्रिंटर शेअरिंग चालू केलं. आता लॅपटॉपला डेस्कटॉप दिसला, पण नाव आणि पासवर्ड मागू लागला.

वहिनीने मामांचा चार आकडी पिन टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. पिन फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसून आत जायला असतो, जाळ्यावरून येणाऱ्याला चालत नाही. खरा पासवर्ड ऑनलाइन खात्याचा, आणि तो मामांना आठवण्याची शक्यता शून्य. अशा वेळी बहुतेक लोक पासवर्डची अटच काढून टाकतात. आता तेही नीट चालत नाही. नव्या विंडोजमध्ये निनावी पाहुणा म्हणून शिरणं बऱ्याच ठिकाणी बंद केलं आहे, आणि ते बरंच झालं. मी डेस्कटॉपवर ‘छपाई’ नावाचं एक साधं स्थानिक खातं काढलं, त्याला पासवर्ड दिला आणि तो लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्डच्या वहीत, कायमचा नोंदवला. त्या खात्याने मामांचे कागद उघडत नाहीत, फक्त प्रिंटरपर्यंत जाता येतं.

मग आला एरर. शून्यांची रांग आणि शेवटी ११बी. हा आकडा इंटरनेटवर फार प्रसिद्ध आहे. त्याच्यामागे २०२१ सालच्या घडामोडी आहेत. विंडोजमध्ये प्रिंट स्पूलर नावाची सेवा असते. छापायची कामं रांगेत ठेवणारी. जुलै २०२१ मध्ये तिच्यातलं ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेलं भगदाड उघड झालं: जाळ्यावरून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, बसवण्याच्या वाटेने परका माणूस कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. ऑगस्टपासून जाळ्यावरून ड्रायव्हर बसवायला ॲडमिनची परवानगी लागू लागली. त्याच वर्षी जानेवारीत आणखी एक बंदोबस्त आला होता: शेअर केलेल्या प्रिंटरशी होणारं बोलणं ठराविक पातळीच्या सुरक्षिततेनेच झालं पाहिजे. सप्टेंबरच्या अपडेटनंतर ही अट सक्तीची झाली आणि दोन टोकांचं जुळलं नाही की ११बी.

यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारात, एक किल्ली शून्य करायला सांगतात. ती शून्य केली की छपाई बहुतेक वेळा सुरू होते, आणि तो बंदोबस्तही निघतो. मामांच्या डेस्कटॉपवर ती किल्ली आधीच शून्य होती, तरी ११बी होताच. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराने केव्हातरी करून ठेवलं होतं, शेजारी अपडेटही बंद. त्याला दोष देत नाही. त्याला शंभर रुपयांत दहा मिनिटांत चालू करून द्यायचं होतं. मी किल्ली काढली, दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण अपडेट केले, लॅपटॉपवर प्रिंटरचा ड्रायव्हर ॲडमिनने आधी स्वतंत्र बसवला आणि मग शेअर जोडलं. ११बी गेला. अपडेटला मात्र दुपारचा अडीच तासांचा वेळ गेला, आणि मामांच्या विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरलाच थांबले होते, म्हणजे होते तेवढे शेवटचेच.

वरच्या खोलीतून पाठवलेलं पहिलं पान संध्याकाळी साडेसहाला जिन्याखाली पडलं. एका किराणा दुकानाचं चलन. वहिनी जिन्यावरून ओरडली, "आलं का?" मामा म्हणाले, "आलं." मी लाडू खाल्ला आणि पुण्याला परतलो. माझ्या मते काम संपलं होतं.

नऊ दिवसांनी फोन. पुन्हा ऑफलाइन.

या वेळी कारण फोनवरच कळलं. मामांनी आयुष्यभर वर्गातून निघताना दिवे-पंखे बंद केले. कॉम्प्युटरवरचं काम झालं की ते तो बंद करतात आणि भिंतीवरचं बटणही दाबतात. डेस्कटॉप बंद म्हणजे प्रिंटर वरच्या मजल्यासाठी अस्तित्वातच नाही. वहिनीचं काम नेमकं रात्री, रिटर्नच्या शेवटच्या तारखांना. "मामांना सांगू का चालू ठेवायला?" तिने विचारलं. मी गप्प राहिलो. जे मला दिवाळीतच दिसायला हवं होतं ते तेव्हा दिसलं: आम्ही सगळे "प्रिंटर वायफायवर आहे" म्हणत होतो आणि तो कधीच नव्हता. तो मामांच्या कॉम्प्युटरचा एक अवयव होता. आम्ही शेअर केला होता तो मामांचा कॉम्प्युटर.

मग एक स्वस्तातली चूक केली. ऑनलाइन एक छोटा डबा मिळतो: एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला लॅनची केबल, प्रिंटर थेट जाळ्यावर येईल अशी जाहिरात. मागवला. प्रिंटर जोडला, दिवा लागला, नाव दिसलं, पान येईना. एकदा तर आलं अर्धं.

याचं कारण प्रिंटरच्या जातीत आहे. मामांचा प्रिंटर २००० च्या दशकातल्या त्या काळ्या-पांढऱ्या लेसरपैकी, जे सरकारी कचेऱ्यांपासून झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत अजून दिसतात आणि मरत नाहीत. स्वस्त ठेवण्यासाठी त्यांच्यात मेंदू घातलेला नाही. महागडा प्रिंटर ‘इथे अक्षर, तिथे रेघ’ अशी भाषा समजतो आणि पान स्वतः रेखाटतो. हा नाही. पानाचा एकेक ठिपका कॉम्प्युटर ठरवतो. एफोर पान, इंचाला सहाशे ठिपके: आडवे ४९६०, उभे ७०१६. गुणाकार मामांनी फोनवरच केला, साडेतीन कोटींना थोडे कमी. प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे सुमारे ४.३ एमबी. प्रिंटरची मेमरी २ एमबी. आख्खं पान त्याच्यात मावतच नाही! कॉम्प्युटर ते दाबून, घट्ट करून, पट्ट्यापट्ट्यांनी पाठवतो आणि प्रिंटर येईल तसं छापत जातो.

त्यात भर म्हणजे याच्यात स्वतःची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, कायमची साठवलेलीही नाही. दर वेळी बटण चालू केलं की कॉम्प्युटरने ती यूएसबीवरून भरायची, मग तो जागा होतो. रोज सकाळी आपलं नाव विसरणारा माणूस म्हणा. विंडोजवर हे ड्रायव्हर गुपचूप करतो म्हणून कळत नाही. माझ्या छोट्या डब्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. तो फक्त आलेलं पुढे ढकलत होता. राउटरच्या मागच्या यूएसबीला असा प्रिंटर जोडून निराश होणारेही याच दगडाला ठेचकाळतात.

नवा वायफायवाला प्रिंटर घ्यावा का? सरळ उत्तर हो, आणि ज्यांच्याकडे अजून प्रिंटर नाही त्यांना मी तेच सांगतो. पण मामांकडे दोन भरलेले टोनर होते, प्रिंटर धडधाकट होता, आणि तो भंगारात काढायची कल्पना त्यांना मुळीच मानवली नाही. मग त्याला एक मेंदू द्यायचा ठरला: कायम जागा राहणारा, पण वीज न खाणारा. रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर.

विजेचा हिशेब मामांनीच मागितला. डेस्कटॉप मॉनिटर बंद ठेवून साठ वॅट धरला तर दिवसरात्र महिनाभर चालवून ४३ युनिट. पाय चार वॅटचा धरला तर तीनही नाहीत. हिशेब पटल्यावर परवानगी मिळाली.

पायवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, आणि त्यावर कप्स. ही छपाईची प्रणाली मायकेल स्वीट यांनी १९९९ मध्ये आणली, ॲपलने २००२ मध्ये मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये विकतच घेतली. आज लिनक्सवर जवळपास सगळीकडे तीच आहे. अडचण ड्रायव्हरची. कंपन्यांचे लिनक्स ड्रायव्हर अनेकदा फक्त नेहमीच्या इंटेल-एएमडी कॉम्प्युटरसाठी बनवलेले असतात, पायच्या एआरएम चिपवर चालत नाहीत. आमच्या नशिबाने या प्रिंटरसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे. तो कुठल्याही चिपवर चालतो. फर्मवेअरची फाईल मात्र वेगळी मिळवून योग्य जागी ठेवावी लागली. प्रिंटरचं बटण चालू झाल्याचं दिसताच ती आपोआप भरायची, एवढा एक नियम लिहिला. पहिल्यांदा बटण दाबल्यावर प्रिंटरने तो ओळखीचा ‘घर्रर्र’ आवाज काढला तेव्हा मामा म्हणाले, "जागा झाला."

वरच्या डब्यात पायसाठी १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून ठेवला. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि पुन्हा "ऑफलाइन"चा फोन. साताऱ्यात वीज जाते. त्यावरून एक इशारा: मामांनी प्रिंटर कॉम्प्युटरच्या यूपीएसवर लावला होता. लेसर प्रिंटर टोनर वितळवण्यासाठी रोलर तापवतो, तेव्हा काही क्षण कित्येक शे वॅट ओढतो. छोटा यूपीएस ओरडून बंद पडतो आणि सोबत कॉम्प्युटरही. प्रिंटर थेट भिंतीवर घेतला. पाय आणि राउटर मात्र बॅकअपवर.

मामींचा फायदा मी मोजलाच नव्हता. त्यांचे अर्धे कागद आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येतात, फोनवर. विंडोजवर शेअर केलेला प्रिंटर फोनला सरळ दिसत नाही. कप्स मात्र जाळ्यावर स्वतःची जाहिरात करत राहतो, ॲपलची फोनवरून सरळ छापायची सोय, एअरप्रिंट, २०१० पासून ज्या रीतीने चालते त्याच रीतीने: "मी इथे आहे, मला हे हे छापता येतं." आयफोन ते ऐकतो, अलीकडचे अँड्रॉइडही. ही हाक राउटरचा उंबरठा ओलांडत नाही. म्हणजे दिवाळीत दोन घरांचं एक केलं नसतं तर वरच्या फोनला हा पाय कधीच सापडला नसता. मामींनी पीडीएफ उघडली, प्रिंट दाबलं, यादीत ‘लेसर’ नाव आलं. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग जिन्याखाली पाहिलं. कागद येत होता. ‘शिवाजी’तल्या प्रश्नपत्रिका त्या लॅपटॉपवरूनच पाठवतात, अक्षरं जागच्या जागी.

विंडोजच्या तिन्ही कॉम्प्युटरवर कप्सचा प्रिंटर जोडायला कंपनीचा ड्रायव्हर लागला नाही. विंडोजचा स्वतःचा आयपीपी ड्रायव्हर पुरला; आयपीपी म्हणजे जाळ्यावरून छापण्याची सामाईक भाषा. ‘छपाई’ खातं मी पुसून टाकलं, शेअरिंग बंद केलं. एवढी मेहनत करून उभं केलेलं काही आठवड्यांत काढताना जीवावर आलं, पण चालू ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

नाराज झाले ते एकटे मामा. यूएसबीची वायर आता त्यांच्या कॉम्प्युटरला नाही, पायला आहे. "म्हणजे माझं पान आता माझ्याकडून त्या डबीत जाणार, आणि डबीतून माझ्या शेजारच्या प्रिंटरला?" हो, मामा. "हातभर अंतरासाठी?" हो. त्यांनी मान हलवली, पटलं नाही.

दुसऱ्याच आठवड्यात पुतण्याने रात्री साडेअकराला विज्ञानाचा बावीस पानी प्रकल्प वरून छापायला टाकला. जिन्याला लागून मामांची खोली. त्या रात्रीपासून झोपताना भिंतीवरचं बटण बंद. प्रिंटरचं फक्त, पायला हात लावायचा नाही, हे मी खडूने भिंतीवर लिहून आलो आहे. छापताना चूक आली तर रांग थांबवायची की पुन्हा प्रयत्न करायचा, हे कप्समध्ये ठरवता येतं. मी दुसरं निवडलं. म्हणून रात्री वहिनीने, पुतण्याने टाकलेली कामं पायमध्ये साठून राहतात. सकाळी सहाला मामा चहाचं आधण ठेवतात आणि जिन्याखालचं बटण दाबतात. प्रिंटर घर्रर्र करतो, नाव आठवतो, आणि चहा गाळून होईपर्यंत सगळ्यांचे कागद ट्रेमध्ये पडलेले असतात. कुणाचं काय ते मामाच वेगळं करून जिन्याच्या पायरीवर ठेवतात.